काटकसरी की कंजूष? व्यक्तिमत्त्वाचं प्रकरण इथून सुरू करा

खाऊचे पैसे साठवणारा मुलगा आजीच्या तोंडी काटकसरी असतो आणि मित्रांच्या तोंडी कंजूष. मुलगा एकच, पैसेही तेवढेच. फरक पडतो तो बोलणाऱ्याच्या जागेमुळे. आजीला त्या पैशांतून काही मिळायचं नसतं, मित्रांचा मात्र वडापाव बुडालेला असतो. अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवताना किंवा नववी-दहावीच्या मुलांना या विषयाची तोंडओळख करून देताना व्यक्तिमत्त्वाचं प्रकरण या जोडीपासून सुरू केलं, तर पुढचं बरंच काम सोपं होतं.

नेहमीचा क्रम वेगळा असतो. लॅटिन ‘पर्सोना’ म्हणजे नटाचा मुखवटा, मग अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टची १९३७ची व्याख्या, मग प्रकार, मग गुणविशेष, मग चाचण्या आणि शेवटी ‘टीपा लिहा’. परीक्षेला हा क्रम चालतो. पण त्यातून मुलांच्या हाती लागतात ती माणसांना चिकटवायची लेबलं. प्रकरण संपल्यावर ‘मॅडम, मी इंट्रोव्हर्ट आहे, मला प्रेझेंटेशन नको’ असं ऐकू यायला लागलं, की समजावं काहीतरी उलटं झालं. म्हणून आधी दृष्टिकोन, मग व्यक्तिमत्त्व. ३५ मिनिटांच्या सहा तासिका हाताशी ठेवा. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात चिठ्ठ्या वाटण्यात आणि गोळा करण्यातच पाच-सात मिनिटं जातात, ती हिशेबात धरा.

पहिल्याच दिवशी दोन शब्दांची सफाई करून टाकावी. मराठीत ‘दृष्टिकोन’ तीन कामं करतो. पाठ्यपुस्तकात तो वर्तनवादी, बोधात्मक, मानवतावादी अशा विचारपद्धतींसाठी येतो. व्याख्यानांत ‘दृष्टिकोन सकारात्मक ठेवा’ असा येतो. आणि आपल्याला हवा असलेला अर्थ तिसराच आहे: दुसऱ्याच्या जागेवरून तीच गोष्ट कशी दिसते. ‘व्यक्तिमत्त्व’चंही तसंच. बोलण्यात ते ‘भारदस्त’ किंवा ‘छाप पाडणारं’ असतं, विकासाचे क्लास लावून कमावण्याची गोष्ट असते. मानसशास्त्रात ते प्रत्येकाला असतं, कोपऱ्यातल्या बाकावर गप्प बसणारालाही. दोन्ही शब्दांचे अर्थ फळ्याच्या कडेला लिहून सहा तासिका पुसू नका.

आता चिठ्ठ्या. ए-फोर कागदाचे आठ तुकडे केले की पुरेशी मोठी चिठ्ठी होते. प्रत्येकाला पाच. एका चिठ्ठीवर एकच शब्द, मराठी, माणूस कसा आहे हे सांगणारा. अटी दोनच: वर्गातल्या कुणाला उद्देशून नको, आणि शरीर, जात, धर्म, भाषा यांवरून नको. ही दुसरी अट तोंडी सांगून भागत नाही, फळ्यावर लिहावी लागते. साठ मुलांच्या तीनशे चिठ्ठ्या होतील. पुन्हा पुन्हा आलेले शब्द बाजूला काढून उरलेल्या सहा गटांत वाटा.

इथे ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट यांचं १९३६चं काम सांगायची जागा आहे, कारण मुलं नेमकं तेच करत असतात. या दोघांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे १७,९५३ शब्द काढले आणि त्यांचे चार रकाने केले: टिकाऊ गुणविशेष, तात्पुरती अवस्था, चांगलं-वाईट ठरवणारे शब्द आणि उरलेसुरले. पहिल्या रकान्यात ४,५०४ शब्द आले. पुढे कॅटेलने हीच यादी आटवत आटवत सोळा घटकांपर्यंत आणली. गटांना हेच चार रकाने द्या आणि दहा मिनिटं द्या.

या ठिकाणी मराठी आपल्या बाजूने उभी राहते. ‘चिडलेला’ आणि ‘चिडका’, ‘घाबरलेला’ आणि ‘घाबरट’, ‘रडवेला’ आणि ‘रडका’, ‘लाजलेला’ आणि ‘लाजाळू’. अवस्था आणि गुणविशेष यांतला फरक समजावायला पुस्तकाला एक परिच्छेद लागतो, आपल्याकडे तो प्रत्ययातच आहे. चिडलेला माणूस संध्याकाळपर्यंत निवळतो, चिडका निवळला तरी चिडकाच राहतो. मुलांना अशा जोड्या शोधायला लावल्या तर वर्ग रंगतो. इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही हे बोलीतून ठाऊक असतंच, फक्त कुणी कधी विचारलेलं नसतं.

तिसऱ्या रकान्यावर थोडं थांबा. ‘मस्त’, ‘फालतू’, ‘भारी’, ‘चालू’ हे शब्द समोरच्या माणसाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. बोलणाऱ्याचं त्याच्याशी पटतं की नाही, एवढंच कळतं. मग पहिल्या रकान्यातले शब्द पुन्हा उचलायला सांगा आणि प्रत्येकाचा जुळा शोधायला लावा: वागणं तेच, पण बघणारा खूश किंवा नाखूश. भोचक आणि चौकस. हट्टी आणि निश्चयी. आगाऊ आणि धीट. उधळ्या आणि दिलदार. घुम्या आणि शांत. चेंगट आणि सावकाश काम करणारा. ‘चेंगट’ला एकशब्दी गोड जुळा सहज सापडत नाही, यावरही बोलता येतं: घाईच्या शहरात सावकाशीला कौतुकाचा शब्द कुणी घडवायचा?

गडबड कुठे होते? मुलं विरुद्धार्थी शब्द देतात. ‘कंजूष’चा जुळा म्हणून ‘उदार’ लिहितात. विरुद्ध शब्दात वागणं बदलतं, जुळ्यात फक्त बघणारा. एक कसोटी द्या: दोन्ही शब्द एकाच माणसाच्या एकाच कृतीला लागतात का? ‘त्याने उरलेली वह्यांची पानं काढून त्यांची कच्ची वही शिवली.’ कंजूष लागतो, काटकसरी लागतो, उदार लागत नाही. झालं.

दुसरी तासिका लोकलमध्ये घालवायची. कागदाचे दोन प्रकार करा, अ आणि ब, अर्ध्या-अर्ध्या वर्गाला. एका बाकावर दोघांना एकच प्रकार द्या, नाहीतर शेजाऱ्याचा वाचून उत्तरं मिळमिळीत होतात. प्रसंग दोन्ही कागदांवर तोच: संध्याकाळी सातची वेळ, चर्चगेटहून निघालेली विरार फास्ट, बोरिवली जवळ आलं आहे. दारातला प्रवासी विरारला जाणारा. मागून आवाज येतो, ‘बोरिवली उतरायचंय, बाजूला व्हा.’ दारातला प्रवासी हलत नाही. कागद अ: मागून आवाज देणारे तुम्ही. कागद ब: दारातले प्रवासी तुम्ही. प्रश्न दोघांनाही एकच: दारातला प्रवासी का हलला नाही? तीन कारणं लिहा. वेळ चार मिनिटं. ‘प्रवासी’ हा शब्द मुद्दाम ठेवा, म्हणजे लेडीज डब्यातल्या मुलींनाही प्रसंग आपला वाटतो. मध्य रेल्वेवरची मुलं जास्त असतील तर कर्जत लोकलमध्ये ठाण्याला उतरणारा प्रवासी घ्या. राग तोच, फलाट वेगळा.

अ-वाले साधारण काय लिहितात, हे मुंबईत कुणाला सांगायला नको: माज आहे, ग्रुप करून येतात, मुद्दाम अडवतात. ब-वाले लिहितात: पाय सरकवायला जागा नव्हती, खाली उतरलो तर परत चढता येणार नाही, बोरिवली लोकल असताना विरार गाडीत चढतात कशाला. आता ही कारणं स्वभाव आणि परिस्थिती अशा दोन खणांत घालायची. वाद इथेच होतो. ‘त्याला घरी जायची घाई होती’, हे कुठे टाकायचं? यासाठी एक नियम पक्का करा: माणूस बदलला तरी कारण टिकतं का? त्या दारात दुसऱ्या कुणालाही उभं केलं आणि गर्दी तशीच राहिली, तर ते परिस्थितीच्या खणात. ‘माज’ माणसाबरोबर निघून जातो, तो स्वभावाच्या खणात. घाई हा खरोखर मधला प्रकार आहे. तिच्यासाठी तिसरा खण न करता दोघांनी स्वतंत्रपणे खण ठरवायचा आणि किती ठिकाणी जुळलं ते मोजायचं. वीसपैकी सतरा कारणांवर एकमत झालं तर ८५ टक्के. निरीक्षकांमधली एकवाक्यता ही संकल्पना अशी हाताने मोजल्यावर विसरली जात नाही.

नंतर नावं द्या, आधी नकोत. दुसऱ्याच्या वागण्यामागे त्याचा स्वभाव धरायचा आणि परिस्थितीकडे दुर्लक्ष करायचं, या सवयीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये मूलभूत गुणारोपण दोष म्हटलं. स्वतःच्या वागण्याला परिस्थिती आणि दुसऱ्याच्या वागण्याला स्वभाव, ही जोडी जोन्स आणि निस्बेट यांनी १९७१ मध्ये मांडली. बरीच पुस्तकं इथेच थांबतात. थांबू नये. बर्ट्रम माले यांनी २००६ मध्ये १७३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा जोन्स-निस्बेटची ही जोडी सरासरीत जवळपास नाहीशी झाली. वाईट प्रसंगांत ती दिसते, चांगल्या प्रसंगांत उलटते. तुमच्या वर्गात लोकलचा प्रसंग चालतो तो भांडणाचा आहे म्हणून. पुढच्या तुकडीत ‘प्रवाशाने आपली सीट आजींना दिली’ असा प्रसंग देऊन पाहा. आकडे वेगळे येतील अशी शक्यता आहे, आणि ते तसे का, यावर मुलं स्वतःच तर्क लढवतात.

‘मूलभूत’ या विशेषणालाही धक्का देता येतो, तोही आपल्या शेजारच्या राज्यातून. जोन मिलर यांचा १९८४चा अभ्यास म्हैसूर आणि शिकागो या दोन शहरांतला आहे. लोकांना ओळखीच्यांच्या वागण्याची कारणं विचारली. आठ आणि अकरा वर्षांची मुलं दोन्हीकडे फारशी वेगळी नव्हती. वय वाढत गेलं तसे अमेरिकेतले लोक स्वभावाकडे झुकत गेले आणि म्हैसूरचे लोक परिस्थिती, नाती, भूमिका यांच्याकडे. म्हणजे ‘तो तसाच आहे’ म्हणायची सवय काही अंशी वाढत्या वयात आजूबाजूच्यांकडून उचललेली असते. तुमच्या वर्गातल्या अ-वाल्यांनीही परिस्थितीची कारणं भरपूर लिहिली असतील तर प्रयोग फसला असं समजू नका. फळ्यावर म्हैसूर लिहा.

प्रोजेक्टर असेल तर हायडर आणि सिमेल यांची १९४४ची छोटी फिल्म आवाज बंद करून दाखवा. दीड मिनिटाच्या आसपास आहे: दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेली एक चौकट. मूळ अभ्यासात ३४ जणींना काय दिसलं ते लिहायला सांगितलं होतं. एकीनेच त्रिकोण सरकला, वर्तुळ फिरलं असं भूमितीच्या भाषेत लिहिलं, बाकीच्यांनी गोष्ट लिहिली. वर्गात मोठा त्रिकोण हमखास ‘दादागिरी करणारा’ ठरतो. पुठ्ठ्याच्या तुकड्याला स्वभाव चिकटवायला आपल्याला दीड मिनिट पुरतं, मग माणसाचं काय? प्रोजेक्टर नसेल तर टेबलावर पुठ्ठे सरकवूनही होतं, पण शेवटच्या तीन बाकांना दिसत नाही. दोनदा करावं लागतं.

तिसऱ्या तासिकेत एक अडचणीची गोष्ट सांगायची असते. ‘स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून बघा’ हा सल्ला आपण सगळेच देतो. तो तितकासा चालत नाही.

सुरुवात बाकावर वाजवण्याने करा. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात हा प्रयोग केला: एकाने ओळखीच्या गाण्याची चाल टेबलावर बोटांनी वाजवायची, दुसऱ्याने ओळखायची. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली तीन. वर्गात पाच जोड्या पुढे बोलवा आणि वाजवणाऱ्याला आधी अंदाज लिहायला लावा. गाणी निवडताना काळजी घ्या. गणपतीची आरती टाळांच्या ठेक्यावरून पटकन ओळखली जाऊ शकते, मग प्रयोगच पडतो. राष्ट्रगीतही नको, ओळखलं तर वर्ग उभा राहील, आणि बरोबरच आहे ते. ठेका सरळ, पण चाल ओळखीची असलेली गाणी घ्या. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण वाद्यवृंद चालू असतो, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. हा फरक वाजवणाऱ्याला कळूनही वळत नाही.

मग मुख्य काम. बाकावरच्या जोडीदाराबद्दल सहा विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण: ‘सुट्टीच्या दिवशी पहाटे उठायला आवडेल’, ‘अनोळखी लग्नात एकट्याने जेवायला चालेल’, ‘भरतीच्या वेळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायला मजा येईल’, या धर्तीची. प्रत्येकाने आधी स्वतःचे खरे गुण लिहून कागद दुमडून ठेवायचा. पहिला अंदाज लगेच. मग एक मिनिट डोळे मिटून स्वतःला जोडीदाराच्या जागी ठेवायचं आणि दुसरा अंदाज. मग तीन मिनिटं जोडीदाराशी बोलायचं, पण ती सहा विधानं थेट विचारायची नाहीत. आणि तिसरा अंदाज. आता प्रत्येक विधानात आपला अंदाज आणि जोडीदाराचे खरे गुण यांतला फरक, उणे चिन्ह सोडून, काढा आणि तिन्ही अंदाजांची वेगवेगळी बेरीज करा. समजा एखाद्याची चूक ११, ११, ६ अशी आली. ताल आयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये पंचवीस प्रयोगांतून जे दाखवलं त्याचंच हे घरगुती रूप: नुसतं जागी जाऊन कल्पना केल्याने अंदाज सुधारत नाही, विचारल्याने सुधारतो. जिवलग मैत्रिणींच्या जोड्यांत पहिलाच आकडा लहान येतो, त्यामुळे सुधारायला वाव राहत नाही. जमलं तर बाक बदलून जोड्या लावा.

चौथी तासिका सगळ्यात लोकप्रिय, आणि सगळ्यात जास्त बिघडणारीही. बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली, आठवड्याने प्रत्येकाला ‘त्याचं’ वर्णन दिलं आणि अचूकतेला ० ते ५ गुण मागितले. सरासरी आली ४.२६. वर्णन सगळ्यांचं एकच होतं, वाक्यं रस्त्यावरच्या विक्रेत्याकडच्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेली.

भाषांतरित वाक्यं वापरू नका, ती परकी वाटतात. सोळा वर्षांच्या मुंबईकरासाठी अशी काही चालतात: ‘चारचौघांत तुम्ही हसतखेळत असता, पण काही गोष्टी कुणालाच सांगत नाही. ठरवलं तर खूप काही करू शकता, पण सुरुवातीलाच वेळ जातो. दुसऱ्यांसाठी जेवढं करता तेवढं आपल्यासाठी कुणी करत नाही, असं कधीकधी वाटतं. चुकीचं सहन होत नाही, तरी वाद नको म्हणून बऱ्याचदा गप्प बसता. घरच्यांना वाटतं त्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं.’ शेवटचं वाक्य या वयाला चुकत नाही. ‘तू’ने लिहायला गेलात तर दिसतोस-दिसतेस आडवं येतं आणि मुलींचा कागद मुलांच्या कागदापेक्षा वेगळा निघतो. म्हणून ‘तुम्ही’.

तयारी: पहिल्या दिवशी दहा किरकोळ प्रश्नांची प्रश्नावली, दोन दिवसांनी दुमडलेले कागद, वर हजेरी क्रमांक. वाक्यांचा क्रम बदलून चार नमुने छापा, म्हणजे शेजारच्या कागदावर नजर गेली तरी पहिली ओळ वेगळी दिसते. गुण हात वर करून मागू नका, कागदाच्या मागे लिहून घ्या. दोन तुकड्या असतील तर एकाच दिवशी उरका, कारण मधल्या सुट्टीत व्हॉट्सॲपवर सगळं फुटतं. आणि त्याच तासिकेत खरं सांगून टाका, घंटा व्हायच्या आत. शेवटची आठ मिनिटं त्यासाठीच राखून ठेवा. फसवलं गेल्याची भावना घेऊन मूल घरी गेलं तर पुढच्या कुठल्याही प्रश्नावलीत ते खरं लिहिणार नाही. किती जणांनी ४ किंवा ५ दिले ते आकड्यांत सांगा, कुणाचे किती ते कधीच नाही.

यातून राशिभविष्याचा विषय निघतोच. थट्टेकडे वळू देऊ नका, अनेक घरांत पत्रिका पाहिली जाते आणि मूल दोन्हीकडून अडकतं. त्यापेक्षा मोजायला लावा. एका दैनिकातल्या कालच्या तारखेच्या बारा राशींचे परिच्छेद राशींची नावं काढून, १ ते १२ आकडे देऊन लावा. काल माझ्या बाबतीत कुठला लागू पडला, तो आकडा प्रत्येकाने लिहायचा. नुसत्या योगायोगानेही बारातला एक आपल्या राशीवर पडेल, म्हणजे साठ मुलांत पाच. सहा-सात आले तर लगेच डंका पिटू नये, दोन आले तरी. ज्यांना आपली रास माहीत नाही त्यांना मोजणीला बसवा.

उरलेल्या दोन तासिका व्यक्तिमत्त्व मोजायच्या पाच मोठ्या घटकांसाठी, म्हणजे इंग्रजीतल्या ‘बिग फाइव्ह’साठी. पुस्तकी प्रतिशब्दांनी इथे फार घोळ घातला आहे. इंग्रजी ‘ओपननेस’चं ‘मोकळेपणा’ केलं की मुलं ते मनमोकळं बोलणं समजतात आणि बहिर्मुखतेत घालतात. अर्थ आहे नव्या अनुभवांची, कल्पनांची ओढ. ‘कॉन्शिअन्शसनेस’ म्हणजे सदसद्विवेक नव्हे, नेटकेपणा आणि जबाबदारी. ‘ॲग्रीएबलनेस’ म्हणजे सहमत होणं नव्हे, जुळवून घेण्याची आणि दुसऱ्याचा विचार करण्याची वृत्ती. ‘न्यूरॉटिसिझम’ला मनोविकाराची छटा दिली तर ज्याचे गुण जास्त येतील तो घाबरतो. ‘भावनिक चढउतार’ म्हणा. बहिर्मुखता तेवढी जशीच्या तशी चालते.

तयार प्रश्नावली आणण्याऐवजी पहिल्या दिवशीच्या चिठ्ठ्या काढा. प्रत्येक घटकाला दोन शब्द, त्यातला एक उलटा: गप्पिष्ट आणि अबोल, समजूतदार आणि खवचट, टापटीप आणि धांदरट, काळजीखोर आणि थंड डोक्याचा, कल्पक आणि चाकोरीतला. दहा शब्द, १ ते ७ गुण. रचनेची कल्पना गॉसलिंग आणि सहकाऱ्यांच्या २००३च्या दहा-कलमी प्रश्नावलीतली. पण तुमची ही यादी चाचणी नव्हे हे तोंडभरून सांगा: तिची विश्वसनीयता, म्हणजे पुन्हा भरली तरी आकडे साधारण तेच येतात का, हे कुणी तपासलेलं नाही.

उलटा शब्द मोजताना ८ मधून वजा करायचं. गप्पिष्टला ६ आणि अबोलला ३ दिले, तर ८ उणे ३ म्हणजे ५, आणि ६ व ५ची सरासरी साडेपाच. वजाबाकी विसरली तर ६ आणि ३ची सरासरी साडेचार येते. वर्गातले निम्मे हेच करतात, आणि मग सगळा वर्ग ४च्या आसपास गोळा होतो. एवढं झालं की INTJ, ENFP असे चार अक्षरी प्रकार सांगणाऱ्या ऑनलाइन चाचण्यांचा प्रश्न आपोआप सुटतो. साडेतीनवाला अंतर्मुख आणि साडेचारवाला बहिर्मुख, अशी मधोमध रेघ मारली तर काय होईल? पाच फूट सहा इंचांवर रेघ मारून वर्गाचे उंच आणि बुटके असे दोन गट पाडा. रेघेच्या दोन्ही बाजूंना खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली मुलं एकमेकांकडे बघून हसतात.

सहाव्या तासिकेत तीच यादी एका मित्राकडून भरून घ्यायची. मित्र कोण, हे मुलाने स्वतः ठरवायचं, शिक्षकाने नव्हे. दोन्ही कागद मुलाकडेच राहतात, फळ्यावर काही जात नाही. सिमिन वझिरे यांनी २०१० मध्ये मांडलेला मुद्दा इथे लागतो: मनातल्या काळजीसारख्या आतल्या गोष्टी आपल्या आपल्याला जास्त ठाऊक, पण ज्यात आपला अहंकार गुंतलेला असतो, उदाहरणार्थ कल्पकता किंवा बुद्धी, ते मित्रांना जास्त नीट दिसतं. म्हणजे दोघांचे आकडे जुळले नाहीत तर एक खोटा असं नाही. ‘काळजीखोर’मध्ये फरक पडला तर मुलाचा आकडा धरा, ‘कल्पक’मध्ये पडला तर मित्राचा. वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये उठवलेला वादही याच तासिकेत उरकावा: गुणविशेषावरून एका प्रसंगातलं वागणं सांगायला गेलं तर सहसंबंध (० म्हणजे काहीच नातं नाही, १ म्हणजे पूर्ण) साधारण ०.३०च्या पुढे फारसा जात नाही. एका दिवशी उशिरा आलेल्यावरून काही ठरत नाही, महिन्याभराच्या हजेरीवरून ठरू शकतं.

रोर्शाकच्या शाईच्या डागांचे दहा पत्ते (१९२१) आणि मरे-मॉर्गन यांची चित्रं दाखवून गोष्ट लिहून घेणारी चाचणी (१९३५) काय आहेत ते सांगा, पण नेटवरून खरे पत्ते काढून वर्गात अर्थ लावत बसू नका. ते प्रशिक्षित चिकित्सकाचं काम आहे. शेल्डनचे शरीरबांध्यावरून पाडलेले प्रकार इतिहास म्हणून एका मिनिटात संपवा, नाहीतर जाड्या मुलावर उरलेलं वर्ष निघतं. आणि कुठल्याही कागदावर एखाद्या मुलाने अस्वस्थ करणारं काही लिहिलं असेल तर ते तासिकेचा भाग राहत नाही: एकट्याला भेटा, समुपदेशकाकडे पोचवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या.

राहता राहिली परीक्षा. ‘टीप लिहा’ बोर्डाला विचारू द्या, चाचणीत एक पाच गुणांचा प्रश्न आपला ठेवा: ‘तो आळशी आहे’ हे वाक्य पुन्हा लिहा. एक गुण दिसलेल्या कृतीला, जसं की ‘गणिताचा गृहपाठ सलग तीनदा आणला नाही’. एक गुण विरुद्ध पुराव्याला, ‘चित्रकलेची वही मात्र पूर्ण आहे’. एक गुण बोलणारा कोण हे लिहिण्याला. एक परिस्थितीतल्या एका शक्य कारणाला. आणि शेवटचा गुण, त्या मुलाला विचारायच्या एका प्रश्नाला. ‘तू असा का आहेस?’ असा प्रश्न लिहिला तर तो गुण कापा. ‘गणिताच्या आदल्या संध्याकाळी तू कुठे असतोस?’ असा असेल तर पूर्ण द्या.